आधी पत्ता, मग बाकी सगळं: आखेनला शिकायला येणाऱ्या मुलाला उत्तर

कराडच्या एका मुलाचा प्रश्न आलाय. कराडलाच राहून मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, आता ऑक्टोबरपासून जर्मनीत आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात मास्टर्सला येतोय. एपीएसचं (म्हणजे पदवीची कागदपत्रं तपासून मिळणारं) प्रमाणपत्र, व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (खर्चाचे पैसे आधी भरून ठेवायचे आणि ते महिन्या-महिन्याला मिळायचे असं खातं) सगळं झालंय, जर्मनची ए-वन, म्हणजे पहिल्या पातळीची, परीक्षाही दिलीय. तो विचारतो, "ताई, उतरल्यावर आधी काय करू? वसतिगृहात नंबर लागला नाही. शेजारच्या फाल्स गावात तीन मराठी मुलांबरोबर एक खोली स्वस्तात मिळतेय, ती घेऊ का? आणि घर सोडून कधी राहिलो नाही, रुळायला किती दिवस लागतात?"

मी २००९ साली साताऱ्याहून याच शहरात शिकायला आले आणि इथलीच झाले. गेली अकरा वर्षं परदेशातून आलेल्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षात हात देणं हेच माझं काम आहे. दर ऑक्टोबरला नवी मुलं येतात आणि बहुतेक सगळी एकाच ठिकाणी अडतात. ते ठिकाण म्हणजे पत्ता. म्हणून तिथूनच सुरू करते.

आपल्याकडे माणूस घर बदलतो आणि आधार कार्डावरचा पत्ता वर्षानुवर्षं जुनाच राहतो. इथे तसं चालत नाही. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत जाऊन "मी आता इथे राहतो" अशी नोंद करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. कायद्याने ती सगळ्यांना सक्तीची आहे, जर्मन माणसालासुद्धा. नोंदीला पासपोर्ट आणि घरमालकाने सही करून दिलेला एक कागद लागतो. त्या कागदाचं जर्मन नाव लांबलचक आहे, आपली मुलं त्याला "घरमालकाचा कागद" म्हणतात आणि तेवढं पुरतं. भाडेकरार दाखवून भागत नाही, हा कागदच लागतो.

या नोंदीवर पुढचं सगळं उभं आहे. नोंद झाली की दोन-तीन आठवड्यांत करक्रमांक पोस्टाने येतो, तो नसला तर नोकरीत पगारातून जास्त कर कापला जातो. अनेक बँका खातं उघडायला नोंदीचा दाखला मागतात. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे मोकळे व्हायला इथलं चालू खातं लागतं. तुझा व्हिसा काही महिन्यांचाच असेल, त्याच्या जागी राहण्याचा परवाना काढायचा तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयालाही पत्ता हवा. पहिलाच टाका निसटला तर पुढची सगळी शिवण उसवते.

म्हणून घराचा पत्ता पक्का झाला की कराडला असतानाच नगरपालिकेच्या संकेतस्थळावर जाऊन वेळ घे. इथे वेळ घेण्याला "टर्मिन" म्हणतात आणि हा शब्द तू पहिल्या महिन्यात "डांके"पेक्षा, म्हणजे धन्यवादापेक्षा, जास्त वेळा बोलशील. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हजारो मुलं एकदम येतात, त्यामुळे दोन आठवड्यांच्या आतली वेळ मिळेलच असं नाही. मिळेल ती घेऊन ठेव, वेळ घेतल्याचा ईमेल छापून जवळ बाळग, आणि रोज सकाळी पुन्हा एकदा बघ. कुणी ना कुणी वेळ रद्द करतं आणि जागा मोकळी होते.

आता एक बारीक गोष्ट. कामाच्या यादीत ती कुणी लिहीत नाही, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची आहे. खोलीची किल्ली हातात पडली की त्याच दिवशी पत्रपेटीवर आणि दारावरच्या घंटीशेजारी आपलं आडनाव लाव. इथे इमारतीतल्या खोल्यांना बहुधा क्रमांकच नसतात. पोस्टमन पेटीवरचं नाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर "या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही" असा शिक्का मारून पत्र परत जातं, आणि ते परत गेलं हे आपल्याला कळतही नाही. मी आले तेव्हा पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. घरमालक बदलतील म्हणून मी थांबले. बँकेचं कार्ड एका पत्रातून येतं, त्याचा पिन दुसऱ्या पत्रातून, विम्याचं कार्ड तिसऱ्यातून. तिन्ही परत गेली. पाच आठवडे मी सोबत आणलेल्या रोख पैशांवर काढले. रोज रात्री नोटा मोजायचे आणि आईला फोनवर सगळं ठीक आहे म्हणायचे. शेवटी वरच्या मजल्यावरच्या आजींनी मला जिन्यात थांबवलं आणि पेटीकडे बोट दाखवून विचारलं, "तुमचं नाव कुठंय?" त्यांनीच घरातून पांढरी चिकटपट्टी आणि काळं पेन आणून दिलं. दुसऱ्या आठवड्यात पहिलं पत्र आलं.

नावाचीच आणखी एक गोष्ट, खास आपल्या लोकांसाठी. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तिन्ही लिहितो आणि पासपोर्टवर पहिली दोन एकत्र "दिलेलं नाव" म्हणून छापलेली असतात. विद्यापीठाच्या अर्जात वडिलांचं नाव गाळलं, बँकेत लिहिलं, विम्यात आडनावाला जोडलं, असं झालं की तीन कार्यालयांत तू तीन वेगळी माणसं होतोस. पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने, सगळीकडे लिही. पेटीवर मात्र नुसतं आडनाव पुरे.

आता फाल्सची खोली. फाल्स हे नेदरलँड्समधलं गाव आहे, आखेनला अगदी चिकटून. बसमध्ये बसलं की सीमा कधी ओलांडली ते कळत नाही. गावामागच्या टेकडीवर जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम या तिन्ही देशांची सीमा एका खांबापाशी मिळते. एखाद्या रविवारी चालत जाऊन ये, झाडी सुरेख आहे. पण राहायला जाऊ नकोस. तुझा व्हिसा जर्मनीत राहून शिकण्याचा आहे. हे देश शेंगेन या मुक्त प्रवासाच्या करारात असल्यामुळे तू नेदरलँड्समध्ये फिरू शकतोस, तिथे घर करून राहू शकत नाहीस. फाल्सला राहिलास तर आखेनमध्ये नोंद होणार नाही, आणि नोंद नाही म्हणजे वर सांगितलेलं सगळं अडलं. युरोपियन युनियनमधल्या मुलांना तिथे राहायची मोकळीक आहे, त्यामुळे "आमच्या वर्गातले कितीतरी जण राहतात" हे खरंच असतं. पण तो नियम त्यांचा, तुझा नाही. खोली दाखवणारी मुलं तुला फसवताहेत असं मी म्हणत नाही, त्यांना स्वतःलाच माहीत नसण्याची शक्यता जास्त. त्यांनाही हे सांग.

"भाडं कमी घेतो, पण नोंद करू नका" असं म्हणणारी खोली आखेन शहरातही भेटेल. तिलाही नाहीच म्हणायचं. खोली बघताना पहिला प्रश्न भाड्याचा न विचारता "इथे आनमेल्डुंग करता येईल का?" हा विचार. उत्तर गुळमुळीत आलं तर उठून ये.

मग राहायचं कुठं? विद्यार्थी-वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीतलं नाव काढू नकोस, दिलेल्या मुदतीत नूतनीकरण करत राहा. नंबर पुढच्या वर्षी लागला तरी तो सोन्यासारखा आहे. तोपर्यंत वे-गे बघ, म्हणजे तीन-चार जणांनी मिळून घेतलेला फ्लॅट, प्रत्येकाला आपली खोली आणि स्वयंपाकघर-बाथरूम सामाईक. जाहिराती वे-गे-गेझुख्ट या संकेतस्थळावर असतात. तिथे "रूम अव्हेलेबल आहे का" एवढंच लिहिलंस तर उत्तर येणार नाही. त्यांना भाडेकरू नको असतो, घरात वावरणारा माणूस हवा असतो. कोण आहेस, काय शिकायला येतोयस, स्वयंपाक येतो का, घर आवरतोस का, हे आठ-दहा ओळींत मोडक्या जर्मनमध्ये का होईना पण स्वतः लिही. त्यांच्या जाहिरातीतली एखादी गोष्ट वाचल्याचं त्यात दिसू दे. अशी पन्नास पत्रं पाठवलीस तर पाच-सहा उत्तरं येतील. ते प्रमाण इथे सगळ्यांचंच आहे, त्यावरून स्वतःची किंमत करू नकोस. कुणी सहा महिन्यांसाठी परदेशी जाताना आपली खोली मधल्या काळापुरती देतं, तशी नोंदीसह मिळाली तर डोळे झाकून घे.

डोळे झाकून म्हणजे न बघता पैसे भरून नव्हे. "मी सध्या लंडनला आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने येईल" असा मेल आला की तो फसवणुकीचाच समजायचा. स्वतः येता येत नसेल तर इथल्या कुणाला तरी बघायला पाठव. अनामत कायद्याने मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. हे फार थोड्या मुलांना माहीत असतं. मूळ भाडं म्हणजे "काल्ट". त्यात पाणी, हीटर, कचरा असे खर्च मिळवले की "वार्म". वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्यातही धरलेलं नसतं. तुलना करायची ती नेहमी वार्म भाड्याची.

मराठी मुलांबरोबर राहू की नको, हेही तू ओळींच्या मधून विचारलंयस. राहा, त्यात वावगं काही नाही. पहिल्या तापात कुणी मऊभात करून देणं ही मोठी गोष्ट आहे. फक्त घरात सगळे आपले असतील तर घराबाहेरची एक जागा आपली नसलेल्यांमधली हवी. त्याबद्दल पुढे सांगते.

पैशांचं थोडक्यात. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये तू ११,९०४ युरो भरलेत. त्यातले महिन्याला ९९२ मिळतात आणि पहिला हप्ता हातात पडायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. तेवढ्या दिवसांचा खर्च आणि अनामतीचा पहिला हप्ता वेगळा घेऊन ये, थोडा रोख आणि उरलेला फॉरेक्स कार्डावर. आरोग्य विमा सरकारी व्यवस्थेतलाच घे. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला महिन्याला साधारण दीडशे युरो पडतात. खाजगी विमा सुरुवातीला स्वस्त दिसतो म्हणून काही जण सरकारीतून सूट मागून घेतात, आणि ती सूट शिक्षण संपेपर्यंत परत फिरवता येत नाही. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नाही म्हणून ते फेकू नकोस. ती घरामागे एकच असते, माणसामागे नाही. घरातलं कुणी आधीच भरत असेल तर त्याचा वर्गणी-क्रमांक कळवायचा आणि आपला वाटा त्याला द्यायचा.

नोकरीबद्दल माझं मत ठाम आहे. कायद्याने तुला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पण पहिल्या सेमिस्टरला बाहेरचं काम धरू नकोस. घरच्यांनी कर्ज काढलंय, रोज युरोला रुपयांनी गुणून जीव कासावीस होतो, हे मी जवळून पाहिलंय. तरी गोदामात रात्रपाळी करून पहिल्याच परीक्षेत तीन विषय गेले तर एक सेमिस्टर वाढतं, आणि त्या सहा महिन्यांचा खर्च रात्रपाळीच्या कमाईपेक्षा जास्त होतो. विद्यापीठातल्याच एखाद्या संस्थेत सहायकाचं काम मिळालं, ज्याला इथे "हिवी" म्हणतात, तर जरूर घे. त्याचे दिवस त्या मर्यादेत धरत नाहीत आणि प्राध्यापकांशी ओळख होते.

कोणत्या दिवशी उतरायचं? शुक्रवारी रात्री नको. रविवारी इथे दुकानं बंद असतात, जवळजवळ सगळी, किराणासुद्धा. ३ ऑक्टोबरला जर्मन एकीकरणाची राष्ट्रीय सुट्टी असते, तेव्हाही बंद. दर वर्षी कुणी तरी २ तारखेला रात्री उतरतं आणि पुढचा दिवस विमानातल्या बिस्किटांवर काढतं. सोमवार ते बुधवार या दिवसांतली सकाळ गाठ.

आणायचं काय, याच्या याद्या तुझ्याकडे असतीलच. मी तीनच गोष्टींचं बोलते. एक, तीन लिटरचा कुकर, इंडक्शनवर चालणाऱ्या तळाचा, आणि त्याच्या दोन जादा रिंगा. रिंग इथे सहज मिळत नाही आणि कुकर बंद पडला की डाळ-भात बंद पडतो. दोन, घरची कांदा-लसूण चटणी. तीन, जे आणायचं नाही ते: कंदी पेढे आणि घरचं तूप. युरोपियन युनियनबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. माझ्या बहिणीने दिलेला पेढ्यांचा डबा असाच गेला आणि मला त्याचं फार वाईट वाटलं होतं. इथलं बिनमिठाचं लोणी आणून कढव, उत्तम तूप होतं. कोथिंबीर, पुदिना, भेंडी, हरभरे तुर्की दुकानात मिळतात, आणि साध्या सुपरमार्केटपेक्षा जुड्या मोठ्या असतात. तूरडाळ भारतीय दुकानात. पिठाच्या पुड्यांवर क्रमांक असतात. ४०५ म्हणजे आपला मैदा. पोळीसाठी १०५० घे, आणि मळल्यावर अर्धा तास झाकून ठेव.

फोडणीबद्दल मात्र नीट ऐक. इथल्या खोल्यांच्या छताला धूर ओळखणारं यंत्र असतं. मोहरी तडतडली, मिरची पडली, की ते किंचाळायला लागतं, आणि काही वसतिगृहांत ते थेट अग्निशमन दलाशी जोडलेलं असतं. यंत्र काढून ठेवणं किंवा त्यावर पिशवी बांधणं हा उपाय नाही, ते जिवाशी खेळणं आहे. स्वयंपाकघराचं दार लाव, खिडकी पूर्ण उघड, तेल धुरावण्याआधी मोहरी टाक. दुसरं खिडकीचंच. हिवाळ्यात खिडकी दिवसभर किलकिली ठेवायची नाही आणि दिवसभर बंदही ठेवायची नाही. सकाळ-संध्याकाळ पाच-दहा मिनिटं सताड उघडायची, हीटर तेवढा वेळ बंद करायचा, मग दोन्ही परत पूर्ववत. आपण भात शिजवतो, खोलीतच कपडे वाळवतो, ती वाफ गार भिंतीवर बसते आणि फेब्रुवारीपर्यंत कपाटामागे काळी बुरशी धरते. जाताना अनामत कापली जाते ती बहुतेक वेळा या बुरशीपायी. नव्या मुलांना मी हे नुसतं सांगत नाही, माझ्या खोलीत नेऊन खिडकीच्या कोपऱ्यावरचे सकाळचे थेंब बोटाने पुसून दाखवते.

भाषेचं तुझं भलं होईल, कारण मराठी माणसाला "तू" आणि "तुम्ही" शिकवावं लागत नाही. "दू" म्हणजे तू, "झी" म्हणजे तुम्ही. वर्गातल्या मुलांना दू. कार्यालयात, दुकानात, घरमालकाला, प्राध्यापकाला झी आणि आडनावापुढे हेर किंवा फ्राउ. समोरचा "दू म्हण" म्हणेपर्यंत झीच. तुझं शिक्षण इंग्रजीत असलं तरी पेटीत येणारं प्रत्येक पत्र जर्मनमध्ये असेल. फोनवर भाषांतर करून वाच, पण वाच, आणि वरची तारीख आधी बघ. इथे आठवणीचा फोन येत नाही. विद्यापीठाच्या भाषा केंद्रात जर्मनचे वर्ग असतात, ए-टूला पहिल्याच सेमिस्टरला नाव घाल. पुढे घालीन म्हणणारे घालत नाहीत.

आता अभ्यास, आणि इथूनच तुझ्या तिसऱ्या प्रश्नाकडे जाता येतं. आपल्या कॉलेजात डिफॉल्टरांची यादी लागते, घरी पत्र जातं, सर बोलावून झापतात. इथे बहुतेक व्याख्यानांना हजेरीच नसते. तू आलास की नाही हे कुणी बघत नाही. परीक्षेसाठी तू स्वतः ऑनलाइन नोंदणी करायची. मुदत चुकली तर परीक्षा चुकली, तिथे विनवणी चालत नाही. एका विषयाच्या संधी मोजक्या, साधारणपणे तीन. त्या संपल्या तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही पुरा करता येत नाही. गुण उलटे असतात, १.० सर्वांत चांगले आणि ४.० काठावर पास. आजारी पडून परीक्षा चुकली तर त्याच दिवशी डॉक्टरचा दाखला लागतो, म्हणून आजारी पडण्याआधीच घराजवळचा एक फॅमिली डॉक्टर गाठून ठेव.

कुणी बघत नाही, हे सुरुवातीला मोकळं वाटतं. ऑक्टोबर छान जातो. नवं शहर, कार्ल राजाचं बाराशे वर्षांचं कॅथेड्रल, शहराच्या मधोमध एलिझेनब्रुनेनच्या झऱ्यापाशी येणारा गंधकाचा वास. वज्रेश्वरी-गणेशपुरीला गेला असशील तर तो वास लगेच ओळखशील. सेमिस्टरच्या तिकिटावर रीजनल गाडीत बसून तासाभरात कोलोनला जाता येतं. मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. कराडशी असलेलं अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जातं. तू संध्याकाळी सहाला खोलीवर येऊन फोन हातात घेतोस तेव्हा तिथे साडेदहा वाजलेले असतात आणि आई-बाबा झोपायच्या तयारीत. डिसेंबरात उजाडायला साडेआठ होतात आणि साडेचारला अंधार पडतो. आखेनचा पाऊस महाबळेश्वरसारखा कोसळत नाही, तो नुसता दिवसचे दिवस भुरभुरत राहतो. मुलं मोडतात ती या दिवसांत. कागदपत्रांनी बेजार झालेला मुलगा माझ्याकडे येतो, तो मदत मागतो. नोव्हेंबरात आतून खचलेला मुलगा येत नाही.

एक मुलगा होता, विदर्भातला. नाव-गाव सांगत नाही. वसतिगृहाच्या सहाव्या मजल्यावर राहायचा, मजल्याला एकच स्वयंपाकघर. दर बुधवारी संध्याकाळी मजल्यावरची मुलं एकत्र स्वयंपाक करायची, आणि ऑक्टोबरात त्याने एकदा पोहे केले म्हणून तो त्यात ओढला गेला. नोव्हेंबरात व्याख्यानं डोक्यावरून जायला लागली. मग तो जाईनासा झाला. दिवसा झोपायचा, रात्री जागायचा, घरी सांगायचा की लेक्चर मस्त चाललीत. तीन आठवडे विद्यापीठात कुणालाही त्याची अनुपस्थिती कळली नाही, कळायचं काही कारणच नव्हतं. पण दोन बुधवार तो आला नाही. तिसऱ्या बुधवारी एक तुर्की मुलगी आणि एक स्पॅनिश मुलगा ताट घेऊन त्याच्या दारात उभे राहिले. तो म्हणाला, बरं नाही. ते म्हणाले, मग आम्ही इथेच जेवतो, आणि खाली फरशीवर बसले. दुसऱ्या दिवशी ती मुलगी त्याला विद्यापीठाच्या मानसिक समुपदेशनाला घेऊन गेली. ते मोफत असतं, इंग्रजीतही होतं, आणि तिथलं बोलणं घरी किंवा प्राध्यापकांना कळवलं जात नाही. त्याचं शिक्षण एक सेमिस्टर उशिरा, पण नीट पुरं झालं.

तो बुधवार नसता तर काय झालं असतं, हा विचार मी आजही करते. म्हणून नव्या मुलांना मी पत्त्यासारखंच हेही करायला लावते: आठवड्यातून एक ठरलेला वार, एक ठरलेली जागा, जिथे तू गेला नाहीस तर दोन माणसं "आज कसा आला नाही?" म्हणतील. व्यायामशाळेत एकट्याने वजनं उचलणं यात धरू नको, तिथे कुणी शोधत नाही. विद्यापीठाच्या क्रीडा केंद्रातलं बॅडमिंटन किंवा व्हॉलीबॉल, गायनवृंद, भाषेची जोडी जमवून आठवड्याला एक कॉफी, रेसिंग कार बनवणाऱ्या विद्यार्थ्यांचा गट, काहीही चालेल. तू मेकॅनिकलचा आहेस, तो शेवटचा गट तुला मानवेल. भारतीय विद्यार्थ्यांच्या दिवाळीला जा, कोलोन-ड्युसेलडॉर्फकडची मराठी मंडळी काही करत असतील तिथेही जा. पण सण वर्षातून एकदा येतो आणि बुधवार दर आठवड्याला येतो.

घरच्यांशी खरं बोल. सगळं नको, पण आठवड्यातून एकदा तरी "हा आठवडा जड गेला" एवढं म्हण. आईचं "जेवलास का?" हे विचारणं जेवणापुरतं नसतं हे तुलाही कळतं. रात्री-बेरात्री अगदीच असह्य झालं तर ०८०० १११ ० १११ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. बोलणं बहुतेक जर्मनमध्ये असतं, पण फोन उचलणारं माणूस असतं. जिवाला धोका असेल तर ११२. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी ताप चढला आणि डॉक्टर बंद असेल तर ११६ ११७.

आणि नाताळात कराडला जायचं तिकीट आत्ता काढू नकोस. राहण्याच्या परवान्याचं कार्ड हातात नसताना व्हिसाची मुदत संपली तर अर्ज केल्याचा तात्पुरता कागद मिळतो, आणि त्यावर परत जर्मनीत शिरता येतं की नाही हे त्या कागदावर कोणत्या खान्यात खूण केलीय त्यावर ठरतं. आधी कार्यालयाला लेखी विचार, उत्तर आलं की तिकीट काढ.

रुळायला किती दिवस, तर माझ्याकडच्या बहुतेक मुलांना पहिली परीक्षा संपेपर्यंत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चपर्यंत, आपण पाहुणे आहोत असंच वाटत राहतं. तोवर तसं वाटलं तर तुझं काही चुकत नाहीये. क्रीडा केंद्राची नोंदणी सेमिस्टरच्या सुरुवातीला ऑनलाइन खुली होते आणि बॅडमिंटनच्या जागा काही मिनिटांत संपतात. ती तारीख आजच बघून ठेव. फाल्सच्या खोलीला नकार कळव, वे-गेसाठीची पहिली पत्रं या शनिवारी-रविवारी लिही, आणि जर्मन मसुदा पाठवलास तर मी वाचून दुरुस्त करून देईन.